श्रीलंकेचं कर्ज: काढलं कुणी, फेडतंय कोण?

मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतात शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. कोलंबो याच प्रांतात येतं. कारण संप नव्हता, पूर नव्हता, करोनाही नव्हता. प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. कागद आणि शाई बाहेरून मागवावी लागते, त्यासाठी डॉलर लागतात आणि देशाकडे डॉलर उरले नव्हते. इतकी वर्षं शाळेत शिकवतेय, परीक्षा पुढे जाण्याची नाना कारणं पाहिली. हे कारण मात्र पहिल्यांदाच वाचलं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, १२ एप्रिल २०२२ रोजी, श्रीलंकेने जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते आता भरता येणार नाहीत. १९४८ साली स्वतंत्र झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. रमजानचा महिना चालू होता आणि सिंहली-तमिळ नवं वर्ष दोन दिवसांवर आलं होतं. एकूण परदेशी कर्ज सुमारे ५१ अब्ज डॉलर होतं. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.)

आपल्याकडे श्रीलंकेचं नाव आता फक्त भीती घालायला घेतलं जातं. व्हॉट्सअॅपवर तर "चीनने बुडवलं" एवढ्या दोन शब्दांत विषय मिटतो. खरा हिशेब जरा लांबलचक आहे, पण समजायला अवघड नाही. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला तो कळेल.

कर्ज किती, यापेक्षा कुठल्या पैशात

२०२१ अखेर श्रीलंका सरकारचं एकूण कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाएवढं झालं होतं. ऐकायला भयंकर वाटतं. पण जपानचं सरकारी कर्ज वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे आणि जपान बुडालेला नाही. का? कारण जपानचं कर्ज येनमध्ये आहे आणि येन जपानच छापतो. श्रीलंकेच्या कर्जाचा मोठा हिस्सा डॉलरमध्ये होता. डॉलर छापता येत नाही, कमवावा लागतो.

आता गणित करू. शंभर डॉलरचं कर्ज आहे. डॉलरचा भाव २०० रुपये असेल तर फेडायला २०,००० श्रीलंकन रुपये लागतील. मार्च २०२२ पर्यंत सरकारने हा भाव जबरदस्तीने २०० च्या आसपास धरून ठेवला होता. तो सोडला आणि मे महिन्यापर्यंत डॉलर ३६० वर गेला. म्हणजे एक पैसाही नवीन उधार न घेता तेच कर्ज ३६,००० चं झालं. कर्ज सरकारचं, पण डॉलर महागला की गॅस, डाळ, दूध पावडर, औषध सगळंच महागतं. म्हणून ज्याने कधी बँकेची पायरी चढली नाही तोही हा हप्ता भरत असतो.

आपल्या पिढीला हे अगदीच नवं नाही. १९९१ साली भारताकडे आयातीला काही आठवडे पुरतील एवढेच डॉलर उरले होते. तेव्हा मुंबईतून सुमारे ४७ टन सोनं विमानाने परदेशात गहाण ठेवायला गेलं होतं. भारत त्या काठावरून परत आला, श्रीलंका कोसळली.

चांगल्या दिवसांची शिक्षा

या गोष्टीतला सगळ्यात चटका लावणारा भाग हा आहे. श्रीलंका पिढीजात कंगाल देश नव्हता. १९४० च्या दशकापासून तिथे शिक्षण मोफत आहे, सरकारी दवाखाना मोफत आहे, साक्षरता ९० टक्क्यांच्या वर आहे. बाळंतपणात आया दगावण्याचं प्रमाण तर दक्षिण आशियात सगळ्यात कमी असलेल्या देशांपैकी हा एक. १९८३ ते २००९ इतकं लांब यादवी युद्ध चालूनही हे टिकलं.

गरीब देशांना जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपानसारखे देश कमी व्याजाने आणि लांब मुदतीने कर्ज देतात. देश थोडा वर आला, 'मध्यम उत्पन्न' गटात गेला, की ही सवलत आटत जाते. श्रीलंकेचं तेच झालं. रेशनकार्डाचा रंग बदलला की आपल्याकडे घरात जी चिंता पसरते, तसंच काहीसं. पगार फारसा वाढलेला नसतो, स्वस्त धान्य मात्र बंद होतं.

मग २००७ साली सरकार जागतिक बाजारात गेलं आणि पहिल्यांदा ५० कोटी डॉलरचे रोखे विकले. पाच वर्षांची मुदत, व्याज सव्वाआठ टक्के. स्वस्त कर्जाला तीस-चाळीस वर्षं मिळत, इथे पाच किंवा दहा वर्षांत पूर्ण मुद्दल एकरकमी परत. ते फेडायला पुढचे रोखे, ते फेडायला आणखी पुढचे. युद्ध संपल्यावर रस्ते, बंदरं, विमानतळ यांचा सपाटा लागला. त्यातले काही रस्ते खरोखर कामाचे आहेत. मत्तल इथला आंतरराष्ट्रीय विमानतळ २०१३ मध्ये सुरू झाला आणि जवळजवळ रिकामाच राहिला. तो राजपक्षे घराण्याच्या जिल्ह्यात आहे, हे सांगायला नकोच.

हंबनटोटा बंदराबद्दल नीट सांगायला हवं, कारण 'चीनचा सापळा' म्हणून त्याचंच उदाहरण दिलं जातं. चिनी कर्जातून बंदर बांधलं, अपेक्षेएवढा धंदा झाला नाही आणि २०१७ मध्ये एका चिनी कंपनीला ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं. त्या बदल्यात १.१२ अब्ज डॉलर मिळाले. पण या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं नाही. ते सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. आलेले डॉलर तिजोरीत गेले, कारण दुसरीकडची देणी समोर उभी होती. ही देणी मुख्यतः रोख्यांची होती. देश बुडाला तेव्हा सरकारच्या परदेशी कर्जात चीनचा वाटा साधारण पाचवा होता, तर पाश्चात्त्य देशांतले फंड आणि बँका यांच्या हातातल्या रोख्यांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त. चीनला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही, त्याच्या कर्जांच्या अटी बऱ्याचदा झाकलेल्याच असतात. पण सगळ्यात मोठा सावकार दुसराच होता आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

अडीच वर्षांत तिजोरी कशी आटली

२१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, सुमारे २७० माणसं मेली. आदल्या वर्षी २३ लाख पर्यटक आले होते, चार अब्जांहून जास्त डॉलर घेऊन. तो ओघ एकदम आटला. मे महिन्यात मुसलमानांची दुकानं, घरं, मशिदी जाळल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये गोटाबाया राजपक्षे सुरक्षेच्या नावावर अध्यक्षपद जिंकले.

आल्या आल्या त्यांनी करकपात केली. व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला. वर्षाला १.२ कोटी रुपयांची उलाढाल असलेल्या धंद्याला पूर्वी व्हॅटची नोंदणी करावी लागे, ती मर्यादा ३० कोटी केली. लोक खूश झाले, व्यापारीही खूश झाले. पण सरकारचं उत्पन्न इतकं घसरलं की २०२१ मध्ये महसुलाच्या दर शंभर रुपयांतले सत्तरहून जास्त नुसत्या व्याजात गेले. मुद्दल वेगळंच. उरलेल्या तीस रुपयांत शिक्षकांचे पगार, दवाखाने आणि फौजफाटा कसा भागवणार? नोटा छापून. पतमानांकन संस्थांनी दर्जा खाली आणला, जागतिक बाजाराने नवीन रोखे घेणं थांबवलं. टोपी फिरवण्याचा खेळ तिथेच संपला. त्यातच करोना आला.

या काळात तिथल्या टीव्हीवर चर्चा कशाची होती? मुसलमानांच्या दफनविधीची. जागतिक आरोग्य संघटना दफनाला हरकत नाही असं सांगत असतानाही करोनाने गेलेल्या प्रत्येकाचं दहन सक्तीचं केलं गेलं. वीस दिवसांच्या एका बाळालाही आई-वडिलांच्या मर्जीविरुद्ध जाळलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा हुकूम मागे घेतला, तोही फक्त पूर्वेकडच्या ओट्टमावडी इथे दफनाची परवानगी देऊन. माफी मागायला सरकारला जुलै २०२४ उजाडला. ज्या महिन्यांत देशाने आपल्या खतावणीकडे बघायला हवं होतं, त्या महिन्यांत तो कब्रींकडे बघत होता.

मग २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक हुकूम निघाला, रासायनिक खतांची आयात बंद. सेंद्रिय शेतीचं नाव दिलं, पण खतावरचे डॉलर वाचवणं हाही हेतू होता. एका हंगामात सगळा देश सेंद्रिय होत नसतो. नोव्हेंबरमध्ये बंदी उठवली, तोवर नुकसान झालं होतं. पुढच्या मोठ्या हंगामात भाताचं पीक चाळीस टक्क्यांच्या आसपास घसरलं. अम्पारा जिल्हा हा भाताचा पट्टा, तिथे हजारो मुसलमान शेतकरी आहेत. जो तांदूळ घरचा होता तो आयात करावा लागला. डॉलरमध्येच, अर्थात.

आता एक गोष्ट अशी, जी कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या आखाती कुटुंबांना लगेच समजेल. श्रीलंकेचे लाखो लोक सौदी, कुवेत, कतार, दुबईत कामाला आहेत. त्यात घरकाम करणाऱ्या बायका बऱ्याच. २०२० मध्ये त्यांनी बँकांमार्फत ७.१ अब्ज डॉलर घरी पाठवले. २०२२ मध्ये हा आकडा ३.८ अब्जांवर आला. माणसं परत आली नव्हती, पैसे पाठवणंही थांबलं नव्हतं. सरकारने डॉलरचा भाव २०० वर बांधून ठेवला होता, तर हुंडीवाला त्याहून बराच जास्त देत होता. तिथे हुंडीला 'उंडियल' म्हणतात. दोन वर्षं मालकिणीच्या घरी राबणारी बाई घरच्यांना चार पैसे जास्त मिळणारा रस्ता सोडून बँकेत का जाईल? तिच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवणारेही निघाले. चूक भाव बांधणाऱ्यांची होती.

आणि सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे, १८ जानेवारी २०२२ ला, दुकानांसमोर गॅस आणि दूध पावडरीसाठी रांगा लागलेल्या असताना, सरकारने मुदत संपलेल्या रोख्यांचे ५० कोटी डॉलर पूर्ण चुकते केले. अनेक अर्थतज्ज्ञ सांगत होते की आत्ताच सावकारांशी बोला, हे डॉलर अन्न-औषधासाठी ठेवा. ऐकलं नाही. मे महिन्यात अर्थमंत्री अली साबरी यांनी संसदेत सांगितलं की वापरता येण्याजोगे डॉलर ५ कोटींपेक्षाही कमी उरलेत.

रांगा, अंधार, गाले फेस

मार्चअखेर दिवसाला तेरा-तेरा तास वीज जात होती. पेट्रोलच्या रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं कोसळून मेली. शस्त्रक्रिया पुढे गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई ६९.८ टक्के झाली आणि अन्नधान्याची ९४.९ टक्के. म्हणजे गेल्या वर्षी शंभर रुपयांना भरलेली पिशवी यंदा जवळजवळ दोनशेला. पगार तेवढाच.

हज टूर ऑपरेटरांच्या संघटनांनी जाहीर केलं होतं की देशाकडे डॉलर नसताना आम्ही हाजींना नेणार नाही. सौदीने त्या वर्षी १,५८५ जणांचा कोटा दिला होता.

कोलंबोच्या गाले फेस मैदानावर एप्रिलपासून तरुणांनी तंबू ठोकले. सिंहली, तमिळ, मुसलमान सगळेच होते. रमजानात तिथेच इफ्तार व्हायची आणि भिक्खू, पाद्री मांडीला मांडी लावून बसायचे. तीन वर्षांपूर्वी दुकानं जळाली होती त्याच देशात. ९ मे रोजी पंतप्रधान महिंदा राजपक्षे गेले. ९ जुलैला लोक अध्यक्षांच्या निवासात शिरले आणि गोटाबाया मालदीवमार्गे सिंगापूरला पळाले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की राजपक्षे बंधू आणि मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर यांच्यासह इतर काहीजण या संकटाला जबाबदार आहेत, त्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. निकालात जनतेला भरपाई नव्हती.

वसुली कुणाकडून

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने. श्रीलंकेची नाणेनिधीकडे जाण्याची ही सतरावी वेळ. त्याआधी सर्वात कठीण महिन्यांत भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली होती. इंधन, औषधं आणि शाळेच्या पुस्तकांचा कागदसुद्धा त्यातून गेला. शेजारधर्म म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवावी अशीच आहे.

नाणेनिधीची अट साधी असते. सरकारने उत्पन्न वाढवावं, तोटा कमी करावा. तत्त्व म्हणून त्यात चूक नाही, करकपातीची घाण कुणीतरी काढायलाच हवी होती. प्रश्न हा की कुणाच्या खिशातून. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी आणि पुन्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये ६६ टक्क्यांनी वाढवले. रॉकेल एका झटक्यात ८७ रुपये लिटरवरून ३४० वर गेलं. छोट्या होडीचं इंजिन रॉकेलवर चालतं, चहामळ्यातल्या खोलीत चूल आणि दिवाही. व्हॅट जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्के झाला. व्हॅट श्रीमंत-गरीब बघत नाही. साबणाच्या वडीवर दोघांनाही तेवढाच.

पण मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट पीएफची आहे. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाचीही फेररचना झाली. सरकारने बँकांकडचे रोखे त्यातून वगळले, बँका आधीच अडचणीत आहेत म्हणून. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीला मात्र सांगितलं की जुने रोखे देऊन लांब मुदतीचे नवे घ्या. त्यावर २०२५ पर्यंत १२ टक्के आणि पुढे ९ टक्के व्याज. नाही घेतले तर तुमच्या उत्पन्नावरचा कर १४ वरून ३० टक्के. याला निवड म्हणायचं का? सत्तर टक्के महागाईने ज्यांची पुंजी आधीच अर्धी करून टाकली होती, त्यांच्याच म्हातारपणाच्या पैशावर पुन्हा हात पडला. कापड गिरणीतली मुलगी, दुकानातला नोकर, खाजगी कंपनीतला कारकून.

परदेशी सावकारांचं काय झालं? भारत, जपान, फ्रान्स यांच्या पुढाकाराखालच्या सरकारी सावकार गटाने जून २०२४ मध्ये ५.८ अब्ज डॉलरच्या कर्जाला मुदतवाढ दिली, चीनच्या एक्झिम बँकेशी वेगळा करार झाला. रोखेधारकांनी डिसेंबर २०२४ मध्ये साडेबारा अब्जांचे रोखे बदलून घेतले. मुद्दलात साधारण २७ टक्के सूट दिली. त्यातल्या बऱ्याच रोख्यांना एक खुंटी आहे. श्रीलंकेची अर्थव्यवस्था ठरलेल्या आकड्यापेक्षा चांगली चालली तर परतफेडही वाढेल.

आज

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये साधारण १३ टक्के लोक गरिबीत होते. २०२२ मध्ये २५ टक्के झाले. २०२४ मध्येही चारातला एक माणूस तिथेच होता. महागाईचा दर २०२३ च्या मध्यापासून एक आकडी आहे, हे खरं. पण वर्गात मुलं नेहमी जी चूक करतात तीच इथे होते. दर कमी झाला म्हणजे भाव उतरले असं नाही, फक्त चढायचे थांबले. दोनशेची पिशवी दोनशेचीच राहिली.

तिथल्या सरकारी खात्याने संकटानंतर घरोघर पाहणी केली तेव्हा दहापैकी सहा घरांचं उत्पन्न घटलेलं आणि दहापैकी नऊ घरांचा खर्च वाढलेला दिसला. शिकणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांच्या शिक्षणावर परिणाम झाला होता. वह्या-दप्तर घेणं थांबवलं, जुनाच गणवेश चालवला, शिकवणी सोडली. जुलै २०२३ पासून 'अस्वेसुम' नावाची थेट बँकेत पैसे देणारी योजना सुरू झाली. यादीत नाव का नाही म्हणून लोकांनी सरकारी कचेऱ्यांसमोर मोर्चे काढले.

देशाला डॉलर कोण मिळवून देतं ते पाहिलं की हा सगळा हिशेब उलटा वाटू लागतो. चहा वर्षाला सव्वा अब्जाहून जास्त डॉलर आणतो. तो खुडतात मळ्यातल्या तमिळ बायका. त्यांच्या पणजोबांना इंग्रजांनी दक्षिण भारतातून नेलं आणि १९४८ च्या कायद्याने त्यांच्यातल्या बहुतेकांना नागरिकत्वही नाकारलं. बराच लढा दिल्यावर २०२४ मध्ये त्यांची किमान मजुरी दिवसाला १,३५० श्रीलंकन रुपये ठरली, म्हणजे चार-साडेचार डॉलर. तयार कपडे सुमारे पाच अब्ज आणतात, शिवणाऱ्या खेड्यातल्या मुली. परदेशातून पैसे येतात ते मोलकरणी आणि ड्रायव्हरांचे. मत्तलचा विमानतळ हवा की नको, हे यांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं.

मुसलमान तिथे दहा टक्क्यांच्या आत-बाहेर आहेत, बहुतेक तमिळ बोलणारे. व्यापारी म्हणून त्यांची ओळख असली तरी पूर्वेकडचे शेतकरी आणि मच्छीमार, तसंच पुत्तलममधली वस्ती वेगळी आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये तमिळ वाघांनी उत्तरेतून सत्तर हजारांहून जास्त मुसलमानांना काही तासांत हाकलून दिलं, त्यातले बरेच पुत्तलमला आले आणि तिथेच राहिले. कर्जाच्या कुठल्याच आकड्यात त्यांचा वेगळा रकाना नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमारा दिसानायके अध्यक्ष झाले. नाणेनिधीचा करार बदलून घेऊ असं ते म्हणत होते, निवडून आल्यावर मुख्य चौकट तीच ठेवली. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात चहामळ्यांच्या वस्त्याही होत्या. त्यासाठी नाणेनिधीकडून तातडीचे आणखी सुमारे २० कोटी डॉलर घ्यावे लागले. तेही कर्जच. सरकारी सावकारांच्या मुद्दलाचे हप्ते २०२८ पासून पुन्हा सुरू होतात आणि २०४३ पर्यंत चालतात. कागदाअभावी ज्यांची सत्र परीक्षा राहिली त्या मुलांचं वय तेव्हा तिशी ओलांडलेलं असेल.